आधी कात्री, मग मोजणी

भिवंडीतल्या नारपोलीच्या कारखान्याने बाबांना गेटवरूनच परत पाठवलं, त्या सकाळी मी कशेळीच्या अलीकडे एका कंटेनरच्या मागे रिक्षात अडकून पडले होते. बाबांचा फोन आला. फोनवर ते दोन वाक्यांच्या वर कधी बोलत नाहीत. "बाय, मना आत घेत न्हाईत," ते म्हणाले. मी विचारलं, का? "तुझ्या डब्यानं माझा नाव सांगितला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. धोट्याशिवाय चालणाऱ्या नव्या लूमच्या बाजूला एक करडी पेटी असते, वर तळहाताएवढी स्क्रीन. ताण्याचे, म्हणजे उभे, कुठले धागे कधी उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, ते डिझाइन पेटीच्या मेमरीत असतं आणि पेटी त्याप्रमाणे लूमला हुकूम देते. ही पेटी आमची कंपनी बनवते. कशेळीच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा जण बसतो. पेटीतल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा मेमरीचा भाग माझ्याकडे आहे.

बाबा जॉबर आहेत. लूम बिघडली की ती लावायची, ताण्याच्या धाग्यांचा बीम चढवायचा, डिझाइन बदलायचं, हे काम ते तीस वर्षांहून जास्त काळ करतायत. त्यांच्या कारखान्यात आमच्या पेट्या आल्या तेव्हा त्यांनी एकेकाला धरून सांगितलं होतं की ह्यो माझ्या पोरीचा डबा हाय. तेव्हापासून सगळा कारखाना तिला डबाच म्हणतो. मला आधी लाज वाटायची, मग बरं वाटायला लागलं.

तर झालं असं की एका लूमवर डिझाइन बदलायला घेतल्यानंतर पाच मिनिटांच्या आत ताण्याचे शेकडो धागे तुटले. कारखान्याच्या शेठने पेटीतली नोंद उघडायला लावली. तिथे लिहिलं होतं, "चुकीचा आदेश : ऑपरेटर". मशीनपाशी बाबा होते. शेठने ती ओळ सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "जॉबर अब बुढ्ढा हो गया, उसकी बेटी का डब्बाच बोल रहा है." दुसऱ्या दिवशी सकाळी गेट बंद. आदल्या रात्री मी उशिरा घरी आले तेव्हा बाबा झोपलेले होते, त्यामुळे मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी संध्याकाळी टेमघरला घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. उभ्या उभ्या विचारलं, "बाबा, तुम्ही काय दाबलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू सांगितलं, "मी कायच न्हाय दाबला. मशीन बंद केली, पेनड्राईव घातला, डिझाइन निवडला. डब्यानं लिवला, नवीन न्हाय घेतला, जुनाच चालू हाय. म्हनून मी जुन्यावर मशीन चालू केली. मशीननं दोन-तीन हात मारलं आनी गेली."

"असं होत नाही," मी म्हणाले. "पेटीने नाही म्हटलं की ती काहीच बदलत नाही. तुम्ही दुसरं काहीतरी दाबलं असणार. आठवून बघा."

जेवायला बसलो तर त्यांनी चमचा मागितला. जन्मात ज्या माणसाने भाताला चमचा लावला नाही, तो डाव्या हाताने चमचा धरून आमटीभात खात होता, उजवा हात मांडीवर. मला वाटलं रुसलेत. या वयातही रुसवे काढायचे का, असं मनात म्हणून मी भांडी उचलली. हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, पण जसं घडलं तसं लिहिते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं. आमच्या कंपनीचे मालक, आम्ही साहेबच म्हणतो. ते चहा ढवळत म्हणाले, "नोंद स्पष्ट आहे ना? ऑपरेटर एरर. वडिलांना सांग, वय झालं की होतं असं." वर प्रेमाने म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

"चुकीचा आदेश : ऑपरेटर" हे शब्द साहेबांनीच सुचवलेले. पूर्वी तिथे एररचा नुसता आकडा यायचा. लोक उगाच कंपनीला फोन करतात, आकड्याऐवजी काहीतरी समजेल असं लिहा, असं ते म्हणाले होते. समजेल असं म्हणजे दोष कुणाचा ते समजेल असं. आणि आम्ही अकराही जणांनी मूग गिळून ते लिहिलं. पेटीकडे दोषाचं दुसरं नावच नव्हतं. तिला फक्त 'ऑपरेटर' म्हणता येत होतं.

आठवडाभर मी कोड उघडलाच नाही. का, तर माझा त्याच्यावर विश्वास होता. बापावर नव्हता, कोडवर होता.

बाबा घरीच असत. दुसऱ्या कारखान्यात जा म्हटलं तर म्हणायचे, "डब्यात नाव हाय माझा. दुसरीकडं काय सांगू?" भिवंडीत जॉबरची बातमी जॉबरच्या आधी पोचते. नारपोलीत धागा तुटला तर टेमघरच्या चहावाल्याला कळतं. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक चार गल्ल्यांत आहेत, ते त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांच्यातल्या कुणासमोर जायला नको म्हणून बाबा भाजी आणायलाही बाहेर पडेनात. प्रश्न फक्त नोकरीचा नव्हता. चालू मशीनवर भलतं बटण दाबणारा जॉबर ही शिवी आहे, आणि ती त्यांच्या कपाळावर माझ्या पेटीने लिहिली होती.

मग एका दुपारी कपडे धुवायला टाकताना त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह सापडला. तो मशीनमधून काढून त्यांनी खिशात टाकला होता आणि तो कुणीच मागितला नव्हता. शेठने मागितला नाही, साहेबांनी नाही, मी नाही. ज्या वस्तूपासून सगळं सुरू झालं ती वस्तू बघायची कुणाला गरज वाटली नव्हती.

ऑफिसात नेऊन लावला तर त्यावरची डिझाइनची फाइल अर्धवट कॉपी झालेली. वर लिहिलेली लांबी पूर्ण, आत माल अर्धा. मी ती टेबलावरच्या पेटीला दिली. स्क्रीनवर आलं, "नवीन डिझाइन नाकारले. जुने चालू आहे." शब्दन् शब्द तेच, जे बाबांनी सांगितलं होतं. मग मी लूम चालू केल्याचा खोटा सिग्नल दिला. लूमचा एक फटका म्हणजे एक हात. एक हात, दोन हात, आणि पेटी काळी पडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुणावर काढायची ते मला अजून कळायचं होतं.

काय झालं ते सोप्या शब्दांत सांगते, कारण पुढे मी ते शेठलाही सांगितलं आणि त्याला एका दमात कळलं. पेटीची मेमरी म्हणजे आपल्याकडचं गोदाम समजा, ओळीने गाळे असलेलं. एखादा प्रोग्राम मॅपिंग मागतो, म्हणजे तो म्हणतो की ही फाइल अमुक नंबरच्या गाळ्यापासून इतक्या गाळ्यांत लावून द्या. आमच्या पेटीत डिझाइनची जागा ठरलेली, त्यामुळे नवीन डिझाइन जुन्याच्याच गाळ्यात येतं आणि जुन्याला बाहेर पडावं लागतं. मागणी आली की ती हाताळणाऱ्या फंक्शनने पॅरामीटर, म्हणजे मागणीतले आकडे, तपासायचे असतात. लांबी शून्य तर नाही ना? पत्ता गाळ्याच्या दारावरच पडतोय ना, की मधल्या भिंतीवर? सुरुवात अधिक लांबी केल्यावर गोदामाच्या बाहेर तर जात नाही ना? जागा पुरते ना? आणि फाइलमध्ये खरोखर तेवढा माल आहे ना? यातलं काही चुकलं तर नाही म्हणायचं. आणि नाही म्हणणाऱ्याने काहीही हलवायचं नाही, हा या कामातला अलिखित करार आहे. वरचा प्रोग्राम त्याच भरवशावर असतो. त्याला नाही ऐकू आलं की तो धरून चालतो, जुनं आहे तसं आहे.

आमच्या फंक्शनमध्ये पहिल्या तीन तपासण्या ठीक दिसत होत्या. चौथ्या ओळीला जुना गाळा रिकामा करून टाकला होता. फाइलमध्ये माल आहे का, हे त्याच्या नंतर विचारलं होतं. फाइल अर्धवट निघाली, फंक्शनने शिस्तीत नाही म्हटलं, स्क्रीनने बिचारीने लिहिलं की जुने चालू आहे. जुनं तोवर रस्त्यावर फेकलेलं होतं. लूम सुरू झाली, आधीच वाचून ठेवलेल्या दोन ओळींवर दोन हात झाले, मग पेटीने पुढची ओळ वाचायला गाळ्याचं दार उघडलं, आणि आत गाळाच नव्हता.

बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! आणि नोंद काय? चुकीचा आदेश, ऑपरेटर.

त्या चौथ्या ओळीच्या वर एक टीप होती. "क्रम नंतर बघू." टीप माझी होती.

आठवलं सगळं. मोठी डिझाइनं पेटी घेत नाही अशी तक्रार आली होती. पेटीची मेमरी लहान, जुनं डिझाइन आत असताना नव्याला जागा पुरायची नाही, जागेची तपासणी नाही म्हणायची. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत करून दे. मी जुनं रिकामं करायची ओळ उचलून जागेच्या तपासणीच्या वर टाकली. झालं, जागा पुरायला लागली. फाइलची तपासणी खाली राहिली, ती राहू दिली. नंतर बघू म्हटलं. ते 'नंतर' दोन वर्षांनी बापाच्या अंगावर आलं.

आणि मला हे माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. मी शाळेत असताना दुपारचा डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हा बाबांना बीम बदलताना कितीदा पाहिलंय. लूमच्या मागे ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला बीम असतो. तो बदलताना जुन्याचे धागे कापून त्यांच्या टोकांना नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडतात. घाईतला जॉबर आधी कात्री चालवतो आणि मग नव्या बीमकडे वळतो. बाबा कात्री खिशात ठेवायचे. नव्या बीमची चिठ्ठी वाचायची, धागे मोजायचे, सूत चिमटीत धरून बघायचं, फणीला पुरतात का ते बघायचं. सगळं जुळलं तरच कात्री बाहेर. मी एकदा विचारलं होतं, एवढा वेळ का लावता? ते म्हणाले होते, "कापल्यावर नवीन खोटा निघाला तर? जुना परत चिकटवशील?" हे मी आठव्या वर्षी ऐकलंय. इंजिनियर होऊन मी कात्री आधी चालवली.

त्याहून चीड याची येते की त्याच वर्षी मी एका कचेरीत भांडून आले होते. बाबांचं रेशन कार्ड बदलायचं होतं. पहिल्या खिडकीवर जुनं कार्ड जमा करून घेतलं आणि त्याला भोक पाडलं. तिसऱ्या खिडकीवरची बाई म्हणाली, नव्या अर्जातला पत्ता जुळत नाही, अर्ज बाद. मग जुनं द्या, तर ते रद्द झालं. मी तिथे आवाज चढवून विचारलं होतं, आधी बघता येत नाही का? सगळी रांग माझ्याकडे बघत होती आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

फंक्शन दुरुस्त करायला एक दिवस लागला. आता सगळ्या तपासण्या आधी होतात आणि तोवर एकाही गाळ्याला हात लागत नाही. जागा मोजताना जुन्याचे जे गाळे सुटणार आहेत ते रिकाम्यांत धरले, म्हणजे मोठ्या डिझाइनचीही अडचण उरली नाही. दोन वर्षांपूर्वी हे सुचायला अर्धा तास पुरला असता. रागाच्या भरात मी पहिल्या ओळीपासून वाचत गेले तर आणखी एक भोक सापडलं. लांबी शून्य आहे का हे आधी विचारलं होतं आणि लांबी पुऱ्या गाळ्यांत वर ओढायचं, म्हणजे साडेतीन गाळे असतील तर चार धरायचं, काम नंतर. आकडा अगदी टोकाचा मोठा असेल तर वर ओढताना तो लूमच्या जुन्या मीटरसारखा नऊ नऊ नऊवरून फिरून शून्य होतो, आणि शून्याची तपासणी तर मागेच आटोपलेली. ते कधी कुणाला बाधलं नव्हतं. तेही बदललं.

मग साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, म्हणाले, "छान पकडलंस. पुढच्या अपडेटमध्ये जाऊ दे. लिहा, स्थिरता सुधारली."

"साहेब, कारखान्याला पत्र द्यायला हवं. चूक पेटीची होती म्हणून."

"एकाला पत्र दिलं की सगळे मागतील. अपडेट देतोय ना आपण?"

"माझे वडील घरी बसलेत."

"त्यांना मी दुसरीकडे चिकटवतो की," ते म्हणाले. "माझ्या ओळखी आहेत."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर संन्याशाला दुसरा मठ बघून देतो म्हणायचं! मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की बाहेरच्या दहाही जणांनी कीबोर्ड थांबवले होते. लेटरहेड मिळालं नाही. मी वहीचा कागद फाडला आणि मराठीत लिहिलं की या पेटीने खोटी सूचना दिली, दोष पेटीच्या प्रोग्रामचा आहे, तो भाग मी लिहिला आहे, जॉबरने काहीही चुकीचं दाबलेलं नाही. खाली सही केली. नोकरी जाईल तर जाईल म्हटलं. गेली नाही. माझ्याशिवाय तो भाग कुणाला वाचता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

नारपोलीला शेठने कागद उलटासुलटा केला. "बेटी, बाप के लिए कोई भी लिखेगा," तो म्हणाला. त्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. मी म्हटलं, "कागज छोडो. मशीन दाखवा, जिच्यावर बीम नाही अशी." एक लूम दुरुस्तीसाठी उघडी उभी होती, तिच्या पेटीत प्रोग्राम जुनाच. मी बाबांच्या खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि डिझाइन निवडलं. शेजारच्या लूमचे कामगार मान वळवून बघत होते. स्क्रीनवर आलं, नवीन डिझाइन नाकारले, जुने चालू आहे. मी शेठला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हटलं, आता तुम्हीच चालू करा.

त्याने बटण दाबलं. दोन हात बरोबर झाले. तिसऱ्याला पेटी काळी पडली आणि लूम वेडीवाकडी दोन वेळा हलून अडकली. शेठ थांबायचं बटण दाबत राहिला आणि ते चालेना, तेव्हा एका कामगाराने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पेटी परत सुरू केली, नोंद उघडली. चुकीचा आदेश, ऑपरेटर.

"आता ऑपरेटर तुम्ही," मी म्हणाले. "तुम्ही काय चुकीचं दाबलंत?"

लूमच्या खडखडाटात कुणीतरी हसलं. शेठ हसला नाही. तो म्हणाला, "गुरुजी को बोलो, कल से ड्युटी पे आ जाएँ." माफीचा शब्द नाही, पण गुरुजी म्हणाला, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. त्याच संध्याकाळी मी त्या कारखान्याच्या सगळ्या पेट्यांत नवा प्रोग्राम घातला. 'ऑपरेटर' हा शब्द काढून टाकला. साहेबांना विचारलं नाही.

घरी आले ती जवळजवळ नाचतच. बाबांना सगळं सांगितलं. चौथी ओळ, गाळे, माझी टीप, शेठचं तोंड. चूक माझी होती हेही सांगितलं, पण त्यात कौतुकाची अपेक्षा होती हे मला आता कळतं. चूक मीच केली आणि मीच शोधली, बघा. बाबा ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "डब्यानं पयला काय केला, तो तू बरोबर शोधून काढलास."

"हो ना."

"तू पयला काय इचारलास मना, आठवतो का?"

मला आठवलं.

"काय दाबलंत, असा इचारलास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला परवडलं असतं. "शेठनी तोच इचारला. मुकादमानी तोच इचारला. काय झाला, ह्यो कोनीच न्हाय इचारला."

निकाल आधी लावून मग साक्ष घ्यायला बसले होते मी, आणि साक्षीत तेवढंच ऐकलं जेवढं निकालाला जुळत होतं. कोडमधली ओळ वर-खाली करता येते. बापाला आधी विचारलेली येत नाही. माझी चूक पकडून देणारा माणूस माझ्यासमोर होता, त्याने पहिल्याच दिवशी स्क्रीनवरचं वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि मी त्याला आठवून बघा म्हणाले होते.

सकाळी ते शिफ्टला निघाले. धुतलेला शर्ट घातला, कात्री डाव्या हाताने खिशात टाकली. दारात चपला घालत होते तेव्हा मी म्हटलं, "बाबा, बसा जरा. त्या दिवशी काय झालं होतं?"

"आता कशाला? तुला सगला कळलाय."

"तरी सांगा. पहिल्यापासून."

ते मग चपला काढून ओट्यावर बसले आणि सांगायला लागले. सकाळी गेटवर कोण भेटलं, चहा कुठे घेतला, पेनड्राइव्ह कुणी दिला. डब्याने काय लिहिलं, ते वाचून त्यांना कसं बरं वाटलं की जुनं तरी शाबूत आहे. मी मध्ये बोलले नाही. मग म्हणाले की स्क्रीन काळी झाली आणि थांबायचं बटण चालेना. ताणा सगळा जाईल म्हणून ते मेन स्विचकडे झेपावले, मशीनच्या वरून, आणि तेव्हा उजवा हात आत सापडला.

"कुठला हात?" मी विचारलं.

त्यांनी मांडीवरचा हात उचलून माझ्यासमोर धरला. अंगठ्याचं नख काळं पडून सुटत आलं होतं आणि शेजारची दोन बोटं अजून मिटत नव्हती. तीन आठवडे ते माझ्यासमोर बसून चमच्याने जेवत होते.